चौकटबाईंचा पाचवा मजला

कारखान्यात तिला सगळे चौकटबाई म्हणत. तोंडावर नुसतं ‘बाई’, पाठ वळली की ‘चौकटबाई’. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं तिला काही वाटत नव्हतं. त्याच कारखान्यात एकाला ‘गंजका खिळा’ म्हणत आणि एकाला ‘भोंगा’. त्या मानानं चौकट म्हणजे पदवीच.

कारखाना पाण्याच्या पंपांचा. बाईंचं काम असं, की कोण काय करतं, कशाच्या आधी करतं, कशाच्या नंतर करतं, हे चौकोनात लिहायचं आणि चौकोनांना बाण जोडायचे. ऐकायला वाटतं, यात काय मोठंसं? पण माणसाला तू काय करतोस म्हणून विचारून बघा. दहातले नऊ जण खोटं सांगतात. लबाडीनं नाही, रोजचं काम हाताला कळतं आणि तोंडाला कळत नाही म्हणून.

बाई कानामागे पेन्सिल खोचून यंत्रांच्या मधून हिंडायच्या. कुणी काही सांगितलं की मान डोलवायच्या आणि म्हणायच्या, “बरं, मग?”

एकदा एका जोडाऱ्याला याचा कंटाळा आला.

“मग काय, पंप जोडतो,” तो म्हणाला.

“जोडता म्हणजे? आधी काय करता?”

“आधी नाक पुसतो.”

“कशानं?”

“हातमोज्यानं.”

आजूबाजूचे खिदळले. बाईंनी नाक काही लिहून घेतलं नाही, पण हातमोजे किती दिवसांनी बदलतात ते मात्र विचारलं. उत्तर आलं, फाटेपर्यंत. तेलकट मोज्यांमुळे रबराच्या चकत्या खराब होत होत्या, हे त्यातूनच बाहेर आलं. तेव्हापासून बाईंशी थट्टा करताना लोक जरा जपून करायला लागले.

ही खोड आईची. आई टपालखात्यात पत्रं लावायची. भिंतभर फडताळ, त्यात कप्पे. आधी प्रांत, मग शहर, मग शहरातला भाग, मग गल्ली, मग घर. एकेक पत्र असं पाच पायऱ्या उतरत जायचं. पोरगी शाळेतून आली की फडताळाखाली बसून अभ्यास करायची आणि वरून आईचे हात चालताना बघायची. इतर मुली भातुकलीत स्वयंपाक करत, ही काड्यापेट्यांच्या खोक्यांत चिठ्ठ्या लावायची. आत्या म्हणायची, “या पोरीला सासरी पाठवाल तर सासूलाही कप्प्यात घालील.”

सासूला घालायची वेळ आली नाही. नवरा मिळाला तो शाळेची बस चालवणारा, आईवडील नसलेला. लग्नानंतर काही वर्षांनी आईच त्यांच्याकडे राहायला आली आणि पहिल्या आठवड्यात तिनं जावयाचं सगळं हत्यारपात्यार आकारानं लावून टाकलं. बिचारा दोन महिने पाना शोधत होता.

बाई कारखान्यात लागल्या कोठारात कारकून म्हणून. फळ्यांवर मालाच्या पेट्या, पेट्यांवर पुठ्ठ्याची कार्डं, कार्डांवर बाईंचं अक्षर. मग पंधरा वर्षांपूर्वी मोठी सिस्टम आली. खरेदी, कोठार, जोडणी, विक्री, सगळं एका संगणकाच्या पोटात. त्यात कारखान्यातलं प्रत्येक काम कुणीतरी भरायला हवं होतं. बाकीच्यांनी हात वर केले. बाईंचे दोन्ही हात कामात होते, ते वर झाले नाहीत, म्हणून काम त्यांच्या गळ्यात पडलं.

सिस्टममध्ये प्रत्येक कामाला घर द्यावं लागायचं. सगळ्यात वर कारखाना. कारखान्याखाली विभाग, विभागाखाली काम, कामाखाली टप्पा आणि टप्प्याखाली कृती. पाच मजले, पण इमारत उलटी. पहिला मजला आभाळात आणि पाचवा जमिनीला टेकलेला. उदाहरण घ्यायचं तर, वर कारखाना, त्याखाली कोठार, त्याखाली माल स्वीकारणे, त्याखाली ओतीव भाग तपासणे, आणि अगदी तळाला, ‘हातोडीनं ठोकून आवाज ऐकणे’. त्यापुढे माणसाचा हुद्दा. माणूस खरा राबतो तो या पाचव्या मजल्यावर.

दीड वर्ष लागलं. नऊ विभाग, चौसष्ट कामं, तीनशे अकरा टप्पे आणि तळाला अकराशे चाळीस कृती. एकेक बाईंनी स्वतः विचारून भरलेली. एवढं करून त्यांच्या पदाच्या रकान्यात काय होतं? ‘कोठार कारकून, प्रक्रियांचा तात्पुरता कार्यभार.’ तात्पुरता म्हणजे किती, तर पंधरा वर्षं. नवरा म्हणायचा, “आपलं लग्नसुद्धा तात्पुरतंच धर म्हणजे टिकेल.”

आता गोष्ट यंदाची.

मुख्य कचेरीतल्या लोकांना याद्या वाचायचा कंटाळा आला. त्यांनी आराखडे काढायचं नवीन सॉफ्टवेअर घेतलं. सिस्टममधली सगळी उतरंड त्यात न्यायची, म्हणजे पडद्यावर चित्र दिसेल. वरच्या चौकोनावर बोट ठेवलं की खालचे चौकोन उघडतील. हे कसं करायचं ते सांगायला एक सल्लागार आली. तिशीतली, हुशार, बोलायला गोड. ती यांना मॅडम म्हणायची, या तिला मॅडम म्हणायच्या. दोघी एका खोलीत असल्या की दारातून कुणी “मॅडम” म्हटलं, तर चार डोळे वर व्हायचे.

काम सोपं नव्हतं. इकडचं काय तिकडे काय होणार, याचा तक्ता करायचा. डावीकडे सिस्टमचं नाव, उजवीकडे आराखड्यातलं. विभाग गेला विभागात, काम गेलं कामात. आणि शेवटच्या ओळीला घोडं अडलं.

“मॅडम, आमचे पाच मजले आहेत,” बाई म्हणाल्या.

“मॅडम, मुख्य कचेरीच्या साच्यात चारच आहेत.”

“साचा वाढवता येत नाही?”

“सगळ्या कारखान्यांना एकच साचा. त्याला हात लावायचा नाही असं लेखी आहे.”

“मग पाचव्याचं काय करू? पुरू?”

सल्लागार हसली. “प्रत्येक चौकोनाला मागे एक टिपेची खिडकी असते. त्यात लिहून टाका. हरवणार काहीच नाही.”

बाईंनी तीन दिवस विचार केला. कृती टाकून द्यायची नाही, एवढं तर साधतंय. मग त्यांनी स्वतःच्या हातानं तक्त्याची शेवटची ओळ भरली. डावीकडे ‘कृती’. उजवीकडे ‘टीप’.

सगळं हललं. मग मोजणी झाली. इकडे कारखाना एक, विभाग नऊ, कामं चौसष्ट, टप्पे तीनशे अकरा, एकूण तीनशे पंच्याऐंशी. तिकडे चौकोन तीनशे पंच्याऐंशी. सल्लागाराच्या पडद्यावर सगळं हिरवं झालं. टिपा कुणी मोजल्या नाहीत. टीप काय मोजायची?

मोठे साहेब, म्हणजे कारखान्याचे प्रमुख, भलतेच खूश झाले. त्यांनी आराखड्याचा चौदा फुटी कागद छापून घेतला आणि उपाहारगृहाच्या बोळात लावला. सगळ्यात वर मधोमध एकच चौकोन, त्यात कारखान्याचं नाव आणि खाली साहेबांचं. साहेबांनी त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढला. एकदा मन भरलं नाही म्हणून कोट घालून परत काढला. बाईंना म्हणाले, “शुक्रवारी मुख्य कचेरीत बैठक आहे. आराखडाही मंजूर होईल आणि तुमचं पत्रही. प्रक्रिया प्रमुख. कायम.”

घरी जाऊन बाईंनी हे सांगितलं, तेव्हा आईनं विचारलं, “खुर्ची बदलणार का?” बाईंची खुर्ची एका बाजूला कलायची. पंधरा वर्षं त्या डाव्या पायावर जोर देऊन बसत होत्या.

हे झालं शनिवारी. सोमवारी सकाळी टिचकीकाका दारात आले.

टिचकीकाका म्हणजे कोठारातले ठोकून बघणारे. पंपाची ओतीव लोखंडी कवचं बाहेरून यायची. काका लहानशी पितळी हातोडी घेऊन प्रत्येकावर टिचकी मारल्यासारखं ठोकायचे आणि कान जवळ न्यायचे. चांगलं कवच ठण्ण वाजतं. आत बारीक भेग असेल तर ठप्प. इतरांना ठण्ण आणि ठप्प एकच वाटायचं. काकांना नाही. बोलायचे मात्र काका मोठ्यानं. लोखंडाचा कान तयार झाला होता, माणसांचा जरा गेला होता.

“बाई,” ते म्हणाले, “तुमच्या त्या भिंतीवरच्या चित्रात मी कुठं आहे?”

“कोठारात, काका. का हो?”

“सगळं कोठार बघितलं. चष्मा लावून बघितलं. बायकोचाही चष्मा लावून बघितला.” त्यांनी घडी घातलेला कागद पुढे केला. “म्हणून विचारतो. हे आलंय.”

कागदावर दोनच ओळी होत्या. आराखड्यात आपल्या हुद्द्याची जबाबदारी आढळत नाही. आराखडा मंजूर होताच पुढील महिन्यापासून आपल्याला जादा मनुष्यबळात धरण्यात येईल.

“जादा म्हणजे?” काकांनी विचारलं. “जास्तीचं काम?”

बाई उठल्या आणि काकांना घेऊन बोळात गेल्या. कोठार, माल स्वीकारणे, ओतीव भाग तपासणे. तिथं चौकोन संपले. तपासणे कसं, कुणी, याचं नाव नाही. कागदाला टिपेची खिडकी नसते. आणि पडद्यावरही ती उघडली तरच उघडते. कोण उघडायला बसलंय?

जागेवर येऊन त्यांनी मनुष्यबळ विभागाची यादी मागवली. अकरा हुद्दे, अकरा माणसं. बाकीचे कामगार तळाच्या कृतींवर होते तसे वरच्या टप्प्यांवरही होते, म्हणून ते वाचले. या अकरा जणांचं काम फक्त पाचव्या मजल्यावर होतं. ठोकून ऐकणारे काका. जोडणीनंतर पंप हातानं फिरवून बघणारा. रंगाच्या डब्याला काठी घालून तळ ढवळणारी. मुख्य कचेरीच्या संगणकानं चौकोन बघितले, चौकोनात जो नाही तो जादा धरला. संगणकाची त्यात काही चूक नव्हती. तक्त्याची शेवटची ओळ बाईंच्या हातची होती.

“काका,” बाई मोठ्यानं म्हणाल्या, “तुम्ही चित्रात आहात, पण चौकोनाच्या पाठीमागे आहात.”

“पाठीमागे?”

“मीच घातलंय तुम्हाला तिथं.”

काकांनी बाईंकडे बघितलं. चिडतील असं बाईंना वाटलं. ते म्हणाले, “मग काढा की. घालणाऱ्याला काढायला काय लागतं?” आणि हातोडी खिशात घालून कामाला गेले.

काढायला काय लागतं, ते बाईंना ठाऊक होतं. चार दिवसांवर बैठक. आराखडा चुकला म्हणून सांगायचं, तर चुकवला कुणी हेही सांगावं लागणार. आणि चुकवणारीला प्रमुख कोण करतंय?

संध्याकाळी आई ओट्याजवळ वाटाणे सोलत बसली होती. नवरा बूट काढत होता. बाईंनी सगळं सांगितलं.

नवरा म्हणाला, “सांगितलंस तर पत्र जाईल?”

“जाईल बहुतेक.”

“आणि नाही सांगितलंस तर?”

“मिळेल.”

“मग मला कशाला विचारतेस? तुझं तोंड बघूनच कळतंय. उद्या डबा लवकर लागेल का तेवढं सांग.”

आई शेंगा सोलता सोलता म्हणाली, “आमच्याकडे एकदा नवीन फडताळ आलं. दिसायला देखणं, पण कप्पे कमी. गल्ल्या मावेनात. तेव्हा आमच्या मुख्यानं काय केलं, एक पोतं टांगलं आणि त्यावर लिहिलं, ‘इतर’. म्हणाला, हरवणार काही नाही.”

“मग?”

“हरवलं नाहीच काही. सगळं पोत्यात होतं. चार महिन्यांनी एक म्हातारा आला, मुलाचं पत्र येत नाही म्हणून. पोतं उलटं केलं तर त्याची सात निघाली.”

“मुख्याला काय झालं?”

“त्याला काय होतंय? ओरडा मी खाल्ला. पोतं मी भरत होते ना.” आईनं एक वाटाणा तोंडात टाकला. “पण म्हाताऱ्याला सातही पत्रं मी वाचून दाखवली. त्याला वाचता येत नव्हतं. पाचव्या पत्रात मुलाचं लग्न ठरलं होतं, सातव्यात मोडलं. म्हातारा म्हणाला, बरं झालं एकदम आली, नाहीतर उगाच नवे कपडे शिवले असते.”

बाईंना हसू आलं. बऱ्याच वेळानं आलं, पण आलं.

मंगळवारी त्या साहेबांपुढे उभ्या राहिल्या.

“साहेब, आराखडा चुकलाय. चूक माझी आहे.”

साहेबांनी आधी दार लावून घेतलं. “हळू बोला. सगळं हिरवं आलं होतं ना?”

“चार मजले मोजले म्हणून हिरवं आलं. पाचवा मोजलाच नाही. अकराशे चाळीस कृती टिपांत पडल्यात आणि त्यापायी अकरा माणसं जादा ठरलीत.”

सल्लागारालाही बोलावलं. तिचा चेहरा पडला, पण तिनं अंग काढून घेतलं नाही. “टिपेचं मीच सुचवलं होतं,” ती म्हणाली. “पण सर, साचा चारचाच आहे. पाचवा मजला कुठं बसवणार?”

साहेब म्हणाले, “म्हणजे रोग माहीत आहे, औषध नाही. बाई, असं घेऊन मी शुक्रवारी गेलो तर माझी शोभा होईल. गुरुवारपर्यंत उपाय सांगा. नाहीतर आहे तसं जाऊ दे, अकरा जणांचं नंतर बघू.”

नंतर बघू म्हणजे काय, हे पंधरा वर्षं तात्पुरतं राहिलेल्या बाईला कुणी सांगायला नको होतं.

मंगळवारचा दिवस असाच गेला. दोन टप्पे एकत्र करून बघितले, तर रंगकाम आणि वाळवणं एका चौकोनात शिरलं. मजले मध्येच कापून बघितले, तर बाण भलतीकडे गेले, विक्रीचा कागद भट्टीत निघाला. सल्लागार शेजारी बसून डोकं खाजवत होती. एक ना धड, भाराभर चिंध्या.

बुधवारी दुपारी बाई बोळात त्या चौदा फुटी कागदापुढे जाऊन उभ्या राहिल्या. तिथं झाडलोट करणारी बाई स्टुलावर चढून फडकं मारत होती. तिचं तोंड चालूच होतं.

“बघा की बाई. खालचे सगळे हाताला येतात. वर एकटाच आहे आणि त्याच्यासाठी रोज स्टूल आणायचं. साहेबांचा आहे म्हणून, नाहीतर धूळ खात पडला असता. एकट्याला एवढी जागा कशाला लागते, सांगा.”

बाई वर बघत राहिल्या.

पहिल्या मजल्यावर एकच चौकोन. कारखाना. आता कारखाना तर एकच आहे, आणि तो कारखाना आहे हे त्यात काम करणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. एका मजल्यावर एकच खोली आणि तीही रिकामी. आणि तळाला अकराशे चाळीस जण दाराबाहेर.

“उतरा खाली,” बाई म्हणाल्या. “उद्यापासून स्टूल लागणार नाही.”

त्या धावतच खोलीत गेल्या. “मॅडम, आपण खालचा मजला कापत बसलो. वरचा कापायचा! नऊ विभागांची नऊ झाडं करू. प्रत्येकात विभाग, काम, टप्पा, कृती. झाले की चार!”

सल्लागारानं बोटांवर मोजलं. “साच्याला हातही लागत नाही,” ती म्हणाली. मग हळूच, “पण मॅडम, वरचा चौकोन म्हणजे…”

“हो,” बाई म्हणाल्या. “तेच तर.”

तक्ता पुन्हा लिहिला. प्रत्येक ओळ एक घर वर सरकली, ‘टीप’ हा शब्द पुसला गेला. गुरुवारी सकाळी अकराशे चाळीस कृती टिपांतून निघून चौकोनांत उभ्या राहिल्या. या खेपेला बाईंनी तळापासून मोजलं. इकडे एक हजार पाचशे चोवीस, तिकडे तेवढेच. मग दोघी साहेबांकडे गेल्या.

“उपाय मिळालाय,” बाई म्हणाल्या. “एक मजला कमी करावा लागेल.”

“करा की. त्यात विचारायचं काय?”

“वरचा.”

“वरचा म्हणजे?”

“तुमचा, साहेब.”

साहेबांनी टेबलावरच्या फोटोकडे बघितलं. कोटातला होता.

“मी कारखान्यात राहणार आहे ना?” त्यांनी विचारलं.

“कारखान्यात राहणार. भिंतीवरून उतरणार.”

सल्लागारानं खिडकीबाहेर बघितलं. हसू दाबायला तेवढंच जमण्यासारखं होतं.

साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते, पण चौकोनावर त्यांचा जीव जडला होता. म्हणाले, “हा जो कोण ठोकतो, त्यानं काय होतं एवढं? यंत्रानं तपासत नाहीत का आजकाल?”

“खाली चला,” बाई म्हणाल्या.

टिचकीकाका कवचांच्या ढिगापाशी होते. साहेब आलेले बघूनही त्यांनी ठोकणं थांबवलं नाही, कारण त्यांना ऐकूच गेलं नव्हतं. बाईंनी खांद्याला हात लावला तेव्हा वळले.

“काका, साहेबांना दाखवा.”

काकांनी एक ठोकलं. दुसरं ठोकलं. तिसरं ठोकलं, आणि ते बाजूला काढलं.

“तिन्ही सारखीच वाजली,” साहेब म्हणाले.

“तुम्हाला वाजली,” काका म्हणाले. मोठ्यानंच म्हणाले, त्यांना हळू जमत नव्हतं. “याच्यात भेग आहे.”

साहेबांनी ते कवच पाण्याच्या दाबावर लावायला सांगितलं. काटा चढत गेला. काही नाही. साहेबांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी काकांकडे बघितलं. काका नख साफ करत होते. आणखी थोडा काटा चढला आणि कवचाच्या बुडाशी केसाएवढी पाण्याची धार उभी राहिली. ती थेट साहेबांच्या बुटावर पडली.

“सुटलं,” काका म्हणाले.

साहेब बूट झटकत परत निघाले. जिन्यात थांबून म्हणाले, “कागदाच्या शीर्षकात माझं नाव चालेल ना? शीर्षक काही मजला नाही.”

“चालेल,” सल्लागार म्हणाली. “शीर्षकाला मजला नसतो.”

शुक्रवारी आराखडा गेला तो नऊ झाडांचा. मंजूर झाला. जादा ठरलेल्या अकरांतले नऊ परत आपापल्या जागी आले. दोघांचं काम मात्र खरंच दुबार निघालं. एकच पावती दोघं दोन वह्यांत उतरवत होते आणि तिसरा ती सिस्टममध्ये भरत होता. बाईंनीच ते दाखवलं आणि त्या दोघांना जोडणीत घेतलं. त्यातला एक अजून बाईंशी बोलत नाही. दुसरा म्हणतो, हात काळे होतात पण वेळ जातो.

पत्र आलं नाही. साहेब म्हणाले, “मी सांगून बघितलं. पण चूक नोंदली गेलीय, आता लगेच बढती कशी द्यायची म्हणाले.” बाई म्हणाल्या, “बरं.” त्या दिवशी खुर्ची जरा जास्तच कलल्यासारखी वाटली.

तीन आठवड्यांनी दुसरंच पत्र आलं. बाईंनी चूक कशी झाली आणि कशी सुधारली ते दोन पानांत लिहून दिलं होतं. मुख्य कचेरीत कुणीतरी ते वाचलं आणि बाकीच्या कारखान्यांच्या टिपा उघडून बघितल्या. दोन ठिकाणी पोती भरलेली निघाली. तेव्हा त्या दोन कारखान्यांचे तक्तेही बाईंनी करावेत, असं पत्र होतं. पद तेच. ‘तात्पुरता कार्यभार.’

“तात्पुरतीच, पण आता तीन कारखान्यांची,” नवरा म्हणाला. “असंच चाललं तर म्हातारपणी सगळ्या जगाचा तात्पुरता कार्यभार मिळेल.”

आई म्हणाली, “खुर्चीचं लिही त्यांना. काम तिप्पट, खुर्ची तरी सरळ.”

बाईंनी लिहिलं. खुर्ची आली. पद येईल तेव्हा येईल.

नवीन आराखड्यात आणखी एक गोष्ट दिसली, जी याद्यांत पंधरा वर्षं कुणाला दिसली नव्हती. ‘हातोडीनं ठोकून आवाज ऐकणे’ या चौकोनात हुद्दा एकच आणि माणूसही एकच. दोन वर्षांनी काका निवृत्त होणार, मग चौकोन राहील आणि आत कुणी नसेल. कोठाराच्या प्रमुखानं लगेच रंगाचा डबा ढवळणाऱ्या बाईला काकांच्या हाताखाली शिकायला दिलं. आणि चौकटबाईही जेवणाच्या सुट्टीत तिथं जाऊन उभ्या राहायला लागल्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पंधरा वर्षांपूर्वी आपण हे काम सिस्टममध्ये भरलं, पण ते आपल्याला कधी ऐकूच आलं नाही, याची त्यांना आता लाज वाटत होती.

पहिले काही दिवस नुसतं लोखंड वाजायचं. रंगवाली चार दिवसांत शिकली, ढवळून ढवळून तिचा हात हलका झाला होता. बाई राहिल्या मागे. काका वैतागायचे, “डोळे मिटा. तुम्ही कानानं बघायला लागलात की मध्येच लिहायला जाता. ती पेन्सिल काढा आधी.”

बाईंनी कानामागची पेन्सिल काढून खिशात ठेवली. डोळे मिटले.

काकांनी ठोकलं. ठण्ण.

पुन्हा ठोकलं. ठण्ण.

तिसऱ्यांदा ठोकलं आणि बाईंनी झटकन डोळे उघडले. काकांनी हातोडी खाली घेतली, मान डोलवली आणि म्हणाले, “बरं, मग?”

बाईंनी हात पुढे करून ते कवच ढिगातून बाजूला काढलं.